ब्लाइंड स्पॉट (एसयूव्हीचा)

ड्रायव्हरला आपल्या जागेवर बसून काचेतून किंवा आरशांतून न दिसणारा, गाडीभोवतीचा भाग म्हणजे ब्लाइंड स्पॉट. मराठीत ‘अंधबिंदू’ असा शब्द आहे, पण तो डोळ्यातली नस मेंदूकडे निघते त्या ठिकाणासाठी रूढ आहे. गाडीच्या बाबतीत ‘बिंदू’ म्हणणे दिशाभूल करणारे ठरेल. इथे लपणाऱ्या जागेत अख्खी स्कूटर, तिच्यावरचे नवरा-बायको आणि पुढे उभे केलेले मूल सहज मावते. म्हणून रोजच्या बोलण्यातलाच शब्द इथे ठेवला आहे.

उंच गाड्यांशी पुण्याचे नाते जुने. टाटांची सिएरा १९९१ मध्ये, सुमो १९९४ मध्ये आणि सफारी १९९८ मध्ये आली, ती याच शहराच्या अंगणातून. दुसरीकडे हे शहर दुचाकींचे. कर्वे रस्त्यावर सिग्नल पडला की दोन गाड्यांमधली वीतभर फट स्कूटरने भरते. एसयूव्हीत उंच बसल्यावर पुढच्या चार गाड्यांपलीकडचा सिग्नल दिसतो आणि आपल्याला सगळेच दिसते आहे असा भरवसा वाटू लागतो. खरी गोम इथे आहे. उंचीने दूरचे दिसते, पण चाकाशेजारचे दिसेनासे होते.

समोरची बाजू आधी पाहू, कारण तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. समजा ड्रायव्हरचे डोळे जमिनीपासून १.५ मीटरवर आहेत आणि बॉनेटची पुढची कड त्याच्या डोळ्यांपासून २ मीटर पुढे, १.१ मीटर उंचीवर आहे. नजर त्या कडेवरून दर मीटरला २० सेंटिमीटर उतरते. म्हणजे बंपरपुढची साडेपाच मीटर जमीन दिसतच नाही. ८० सेंटिमीटर उंचीचे, नुकते दुडुदुडू चालू लागलेले पोर दीड मीटरच्या आत असेल तर त्याच्या डोक्याचे टोकसुद्धा दिसणार नाही. बुटक्या ड्रायव्हरला हे अंतर आणखी वाढते. सीट उंच करून घेणे हा त्यावरचा साधा उपाय. बेसमेंटच्या रॅम्पवरून गाडी वर येते तेव्हा तर नाक आभाळाकडे असते. सोसायटीत संध्याकाळी नेमकी तिथेच मुले खेळत असतात. रॅम्पच्या तोंडाशी गाडी थांबवून, काच खाली करून, हॉर्न देऊन मगच पुढे जावे.

पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, म्हणजे ए-पिलर, गाडी उलटली तर छप्पर पेलावे म्हणून जाड केलेले असतात. उजवा खांब ड्रायव्हरला जवळ, त्यामुळे तो जास्त झाकतो. चौकात उजवीकडे वळताना गाडी आणि समोरून येणारी दुचाकी अशा वेगाने सरकू शकतात की ती काही क्षण खांबाआडच राहते. अशा वेळी मान नुसती वळवून भागत नाही. सीटवरून अंग जरा पुढे न्यायचे आणि मग मागे. खांबाआडचे वाहन तेवढ्याने बाहेर येते.

सगळ्यांत अवघड बाजू डावी. ट्रकवाल्यांच्या भाषेत ‘क्लीनर साइड’, आणि हा शब्द फार नेमका आहे. ड्रायव्हरला त्या बाजूचे दिसत नाही, म्हणून ट्रकवर क्लीनर असतो. तो खिडकीतून डोके काढून पत्रा थोपटत वाट सांगतो. एसयूव्हीत ते काम आरसा आणि ड्रायव्हरची मान यांनाच करावे लागते. डावीकडच्या बहिर्गोल आरशात जास्त जागा दिसते, पण त्यातले चित्र लहान होते आणि स्कूटर आहे त्यापेक्षा लांब वाटते. शिवाय वळताना मागचे डावे चाक पुढच्या चाकाच्या आतून जाते. सिग्नल सुटल्यावर एसयूव्ही डावीकडे वळते, शेजारची दुचाकी सरळ निघते, आणि ती फटीत चिमटते. वळण्याच्या बरेच आधी इंडिकेटर द्यावा, गाडी डाव्या कडेला घेऊन ती फट भरून टाकावी, आणि वळण्याआधी खांद्यावरून एकदा प्रत्यक्ष बघावे. ताशी ४० किलोमीटर वेगात एका सेकंदात गाडी ११ मीटर जाते, म्हणून ही नजर ओझरतीच असावी.

आरसे लावण्याची रुंद पद्धत अमेरिकी अभियंता जॉर्ज प्लॅटझर यांनी १९९५ मध्ये मांडली. डोके उजव्या काचेला टेकवायचे आणि आपल्या गाडीची कड उजव्या आरशात जेमतेम दिसेल इतका तो बाहेर फिरवायचा. मग गाडीच्या मध्याकडे झुकून डावा आरसा तसाच लावायचा. मागून येणारी गाडी आतल्या आरशातून निघाली की बाजूच्या आरशात येते आणि तिथून निघाली की डोळ्याच्या कोपऱ्यात. नवले पूल ते चांदणी चौक या महामार्गावर ही पद्धत उत्तम. शहरात मात्र ती जशीच्या तशी चालत नाही, कारण इथे दुचाकी पलीकडच्या लेनमधून न येता दाराला खेटून येते. डाव्या आरशात मागच्या दाराची पट्टी दिसत राहील इतका तो आत ठेवावा आणि त्याच्या कोपऱ्यात गोल छोटा आरसा चिकटवावा. पेठांतल्या गल्लीत समोरून टेम्पो आला की डावा आरसा मिटतात. लक्ष्मी रस्त्यावर बाहेर पडेपर्यंत तो उघडायचा राहून जातो, ही सवय विशेष घातक आहे.

मागची बाजू आता बरीच सुधारली आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले. अमेरिकेत मे २०१८ पासून मागचा कॅमेराच सक्तीचा आहे. पण सेन्सरला बारीक खांब किंवा अगदी बुटकी वस्तू हुकू शकते. आपल्याकडे वॉचमनकाका मागे उभे राहून ‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… बास!’ म्हणतात. ते स्वतःच त्या वेळी ब्लाइंड स्पॉटमध्ये असतात. ‘काका, उजव्या आरशात दिसाल असे उभे राहा,’ एवढे त्यांना सांगावे, आणि ते दिसेनासे झाले की ब्रेक दाबावा.

महागड्या मॉडेलांत मागच्या बंपरमधले रडार शेजारी वाहन आले की आरशात दिवा लावते. महामार्गावर ते उपयोगी आहे. स्वारगेटच्या गर्दीत मात्र चारी बाजूंनी वाहने असल्याने दिवा सारखाच पेटत राहतो, आणि सारखा पेटणारा दिवा काही दिवसांनी डोळ्यांना दिसेनासा होतो.

पावसाळ्यात यातले निम्मे निकामी होते. आरशावर थेंब, बाजूच्या काचांवर वाफ, कॅमेऱ्यावर चिखल. सिंहगडाहून परतताना पायथ्याला गाडी थांबवून बाटलीतल्या पाण्याने मागच्या कॅमेऱ्याची भिंग धुवावी आणि दोन्ही आरसे रुमालाने पुसून घ्यावेत. पुढे खडकवासल्याला धरण बघायला आलेली माणसे रस्त्यावरच उभी असतात.