लाखोळी: दुष्काळात तगणारी आणि दुष्काळातच विखारी होणारी डाळ

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे धान कापायच्या आधीच, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, ओल असताना, उभ्या पिकात लाखोळी फोकून (हाताने विखरून) देतात. नांगरट नाही, पाणी देणे नाही. उरलेल्या ओलीवर पीक येते आणि दाण्यात पाव हिश्श्याहून जास्त प्रथिने भरतात. कोरडवाहू शेतकऱ्याला याहून स्वस्त डाळ कुठली?

तिची दुसरी बाजू मध्य प्रदेशातल्या सागरकडचा इंग्रज अधिकारी स्लीमन याने नोंदवली आहे. 1829 साली गव्हावर गारपीट झाली, 1830 साली पाऊस हुकला, 1831 साली पिकावर रोग पडला. गव्हात आपोआप उगवणारी तिवरा, म्हणजे हीच लाखोळी, मात्र जोमात आली. लोक तिच्यावरच जगले. 1833 पासून तिशीच्या आतली धडधाकट माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. हा लकवा बरा होत नाही.

कारणीभूत विष, बीटा-ओडॅप, 1964 साली ओळखले गेले. हे एक अमिनो आम्ल. स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या चेतापेशी ते मारते. रोपाला पाण्याचा ताण बसला की दाण्यात त्याचे प्रमाण वाढते. जमिनीत जस्त कमी असले तरी वाढते. म्हणजे बाकीची पिके गेली, घरात दुसरे धान्य उरले नाही, तीन वेळा लाखोळीच खायची पाळी आली, नेमक्या त्याच वर्षी ती जास्त विषारी. डाळ भिजवून, उकळून पाणी फेकले की बरेचसे विष निघून जाते. पण दुष्काळात फेकायला पाणी आणायचे कुठून? 1990 च्या दशकात इथिओपियातही दुष्काळामागोमाग हाच लकवा पसरला.

1961 साली केंद्राने विक्रीवर बंदीचा नियम केला. काही राज्यांनी तो लागूच केला नाही, महाराष्ट्राने केला. मध्य प्रदेशात रीवाकडे वेठबिगारांना मजुरीच या धान्यात मिळे. त्यांच्या ताटातली डाळ बाजारबंदीने हलणार नव्हती. माझ्या मते बंदीची मोठी चूक हीच: दोष डाळीवर ठेवला, तिच्याशिवाय दुसरे काही खायला नसण्यावर नाही. वरण-भाताबरोबर, भाजीपाल्यासह थोडी लाखोळी खाणाऱ्या झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) घरांनाही त्याच मापाने मोजले गेले.

पुढे रायपूरच्या कृषी विद्यापीठाने प्रतीक, महातिवडा हे वाण काढले; त्यांत ओडॅप 0.1 टक्क्याहून कमी असते. महाराष्ट्राने 2008 साली बंदी उठवली. पण पाण्याचा ताण सुधारित वाणांतही हे प्रमाण वाढवू शकतो. म्हणून पाऊस हुकलेल्या वर्षी बियाण्याच्या पिशवीवरचा आकडा पुरेसा नाही, बांधीतून आलेला दाणाच तपासला पाहिजे.