येगार आणि प्लेका: एक पोचतो, दुसरा निघतो

माद्रिदला कुणी ‘येगो एल त्रेन’ म्हणालं तर गाडी आली. बुखारेस्टला ‘त्रेनुल आ प्लेकात’ म्हणालं तर गाडी सुटली. स्पॅनिश ‘येगार’ आणि रोमानियन ‘प्लेका’ ही दोन्ही क्रियापदं एकाच लॅटिन ‘प्लिकारे’ची लेकरं आहेत. ‘प्लिकारे’ म्हणजे घडी घालणं, दुमडणं. आपल्या रोजच्या ‘डुप्लिकेट’मध्येही तेच आहे: दोन घड्यांचं, दुहेरी.

उच्चारावरून नातं लागत नाही, पण त्यामागचा नियम पक्का आहे. लॅटिनमधला सुरुवातीचा ‘प्ल’ रोमानियनने जपला, स्पॅनिशमध्ये बहुतेक ठिकाणी त्याचा आता ‘य’ ऐकू येतो, तर पोर्तुगीजमध्ये ‘श’. म्हणून ‘भरलेला’ या अर्थाचा ‘प्लेनुस’ रोमानियनमध्ये ‘प्लिन’, स्पॅनिशमध्ये ‘येनो’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘शेयु’ झाला. पोर्तुगीज ‘शेगार’, म्हणजे पोचणं, हा येगारचाच सख्खा भाऊ.

अर्थ उलटे कसे झाले? लोकप्रिय उत्तर असं: बंदर आलं की खलाशी शिडं गुंडाळत, म्हणून घडी म्हणजे पोचणं, तळ हलला की सैनिक तंबू गुंडाळत, म्हणून घडी म्हणजे निघणं. पहिल्या अर्ध्यापेक्षा मला ‘आप्लिकारे’चा आधार जास्त भक्कम वाटतो. जहाज किनाऱ्याला लावण्यासाठी लॅटिनमध्ये हा शब्द रुळलेला होता. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाच्या यात्रेकरू बाईने आपल्या प्रवासवर्णनात नुसतं ‘प्लिकारे’ही ‘जवळ जाणं’ या अर्थाने वापरलंय, म्हणजे तोवर वळण पडलं होतं.

तंबूंची गोष्ट कागदोपत्री सिद्ध करता येत नाही. पण ‘गाशा गुंडाळणे’ म्हणणाऱ्या आपल्याला ती परकी वाटत नाही: अंथरुणाची घडी घातली की मुक्काम हलला. शिवाय रोमानियनमध्ये जुना अर्थ अजून जिवंत आहे. ‘आ प्लेका कापुल’ म्हणजे मान लववणं. फ्रेंच ‘प्लिए’ आणि इटालियन ‘पिएगारे’ तर अजून घड्याच घालतात.

स्पॅनिश येणाऱ्याने रोमानियन शिकताना इथेच सावध राहावं. पोचण्यासाठी रोमानियन ‘आ अजुंजे’ म्हणते, जे ‘जोडणे’ या लॅटिन क्रियापदावरून आलं. निघण्यासाठी स्पॅनिश ‘सालिर’ म्हणते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उडी मारणं होता.