कुंडी ओली, तरी झाड मलूल का?

झाड नेताना सोबत हे माहितीपत्रक जरूर न्या. कुंडीतली बहुतेक झाडे पाण्याअभावी कमी आणि मुळांना हवा न मिळाल्यामुळे जास्त मरतात.

झाड चोवीस तास श्वसन करते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग खूप जास्त असल्याने ते जाणवत नाही, इतकेच. पानात हवा पर्णरंध्रांतून शिरते. ही रंध्रे बहुतेक झाडांत पानाच्या खालच्या बाजूला अधिक असतात. म्हणून पान दोन्हीकडून ओल्या फडक्याने पुसावे. चकाकीसाठी तेल लावू नये, रंध्रे बुजतात.

श्वसनात पेशीतला ग्लुकोजचा, म्हणजे साखरेचा, रेणू आधी पेशीद्रव्यात फुटतो. त्यातून एटीपीचे, म्हणजे पेशीच्या वापरातल्या ऊर्जेचे, फक्त २ रेणू हाती लागतात. उरलेले काम तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रात, ऑक्सिजनच्या मदतीने होते आणि एकूण हिशेब सुमारे ३० ते ३२ रेणूंवर जातो. ऑक्सिजन नसेल तर पेशी किण्वनावर, म्हणजे ऑक्सिजनविना साखर मोडण्यावर, तग धरते: मिळकत तीच २, शिवाय आत अल्कोहोल साचते.

पानांवर ही वेळ सहसा येत नाही, मुळांवर येते. मूळ मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतली हवा घेते. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की संपलेच, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. गुदमरलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, पाने लोंबतात, आणि ती पाहून आपण आणखी पाणी घालतो! उन्हाळ्यात हे झपाट्याने घडते. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो.

पाणी घालण्याआधी बोट दोन-तीन सेंटिमीटर मातीत खुपसा. ओल लागली तर थांबा. बशीत साचलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. माती दोन भाग, कंपोस्ट एक भाग, जाड वाळू किंवा परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) एक भाग हे मिश्रण बहुतेक झाडांना चालते. बारीक वाळू नको, ती पोकळ्या बुजवते.

झाड मलूल, माती ओली आणि कुबट वास, अशी स्थिती असेल तर झाड कुंडीतून काढा. तपकिरी, बुळबुळीत मुळे स्वच्छ कात्रीने कापा, पांढरी टणक ठेवा आणि कोरड्या मिश्रणात लावून सावलीत ठेवा. नवी पालवी फुटेपर्यंत खत देऊ नका. क्षार आत घ्यायला मुळाला ऊर्जा लागते, आणि तीच आत्ता त्याच्याकडे नसते.