नागपूर केंद्र आणि 'स्थानिक' या शब्दाचा घोळ

खेड्यात "नागपूर लागते का?" असं कोणी विचारलं, तर ते रेडिओवरच्या ५८५ किलोहर्ट्झबद्दलच, म्हणजे आकाशवाणीच्या नागपूर केंद्राबद्दलच असे. हे केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. तेव्हा नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. १९५६ मध्ये राजधानी गेली, केंद्र राहिलं.

दिवसाचं प्रसारण सभांमध्ये, म्हणजे ठरावीक वेळांच्या सत्रांत विभागलेलं. निवेदक आधी लहरीची लांबी, 'पाचशे बारा दशांश आठ मीटर' सांगायचे, मग किलोहर्ट्झ. नागपूर ज्या पट्ट्यावर लागे त्या मीडियम वेव्हची लहर दिवसा जमिनीला धरून जाते, आणि काळी ओलसर माती तिला मानवते. त्यामुळे ३०० किलोवॉटच्या प्रक्षेपकावर पार लांबच्या वावरातही धुऱ्यावर ठेवलेला ट्रान्झिस्टर बोलायचा. सेटमध्ये अँटेनाचं काम करणाऱ्या फेराइटच्या कांडीमुळे तो थोडा फिरवून ठेवावा लागे, एवढंच. रात्री मात्र दूरदूरची केंद्रं घुसायची, आणि मृगात वीज कडाडली की शेतीचा सल्ला खरखरीत बुडायचा.

खरा घोळ 'स्थानिक केंद्र' या शब्दाचा. देशातलं पहिलं स्थानिक केंद्र १९८४ मध्ये तामिळनाडूत नागरकोइलला निघालं. पुढे अकोला, यवतमाळ, चंद्रपूरलाही केंद्रं आली, ती एफएमवर. आवाज स्वच्छ, पण ही लहर साधारण नजरेच्या टप्प्याइतकीच जाते, मध्ये डोंगर आला की अडते. मेळघाटच्या दरीतल्या माणसाला जिल्ह्याचं केंद्र स्थानिक, की शेकड्यावर किलोमीटरवरून ऐकू येणारं नागपूर? कागदावर उत्तर सोपं होतं: जिल्ह्याचं. माझ्या मते कार्यक्रम जवळचे करायचे होते, ते करताना टप्पाही आखूडला, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कोणी नीट मांडलंच नाही.

त्याच काळात उलटा प्रयोगही झाला. १९८८ मध्ये रात्रीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, तिच्यासाठी नागपूरला १५६६ किलोहर्ट्झवर एक हजार किलोवॉटचा प्रक्षेपक लागला. देशाच्या मध्यावरून रात्रीच्या आकाशातून परतणारी लहर चहूकडे पोचावी, हा हिशेब. २०१९ च्या सुरुवातीला ती वाहिनी बंद केली. खर्च हे कारण समजण्यासारखं आहे, पण 'आता ऐकतं कोण' हे कारण अर्धवट वाटतं. मोबाइलमध्ये एफएम मिळाला, मीडियम वेव्हचा पट्टा कधीच मिळाला नाही. घरात एलईडी दिवे, वावरात मोटारीचे स्टार्टर आले, त्यांची गुणगुण नेमकी याच पट्ट्यात शिरते. माझ्याकडच्या जुन्या सेटवर नागपूर आता लाइन गेली की स्वच्छ लागते.