पत्र्यावरचा पाऊस किती किलोबिटांत मावतो?

आजोबांच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात श्रावणात घरगुती बैठका व्हायच्या. त्यातल्या एका बैठकीची नव्वद मिनिटांची कॅसेट मावशीनं जपून ठेवली होती. वाडा पडला, तिथं इमारत उभी राहिली, कॅसेट राहिली. मागच्या पावसाळ्यात मी टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडून ती उतरवून घेतली आणि वेव्ह फाइलची लिंक मावशीला पाठवली. ती भोरजवळ राहते. संध्याकाळी तिचा फोन आला, "अरे, नुसतं गोल गोल फिरतंय. गाणं कुठाय?"

फाइल ९५० एमबीची होती.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. संगणक तो ठरावीक अंतरानं मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि एखादं कंपन पकडायचं तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. म्हणून सीडीच्या दर्जात सेकंदाला ४४,१०० मोजण्या होतात. प्रत्येक मोजणीला १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी. डावा आणि उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. १९९१ साली मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमनं आणलेल्या वेव्ह फाइलमध्ये हे आकडे सहसा जसेच्या तसे एकापुढे एक मांडलेले असतात. गवई श्वास घ्यायला थांबले तरी त्या सेकंदाला तानेइतकीच जागा लागते.

पहिली बचत अगदी सोपी होती. बैठकीत मध्यभागी एकच माइक ठेवलेला, त्यामुळे दुसरा चॅनेल म्हणजे पहिल्याचीच नक्कल. एकच ठेवला, फाइल निम्मी झाली. जुनी भाषणं, कीर्तनं, मुलाखती उतरवून घेणारे बरेच जण ही पायरी विसरतात आणि मग दर्जा उगाच खाली आणत बसतात.

पुढची पायरी फ्लॅक या फाइलप्रकाराची. फ्लॅक आधीच्या मोजण्यांवरून पुढच्या आकड्याचा अंदाज बांधतो आणि अंदाज किती चुकला तेवढंच लिहितो. लिहिलेल्यावरून मूळ आकडा न् आकडा परत मिळतो. संगीताची फाइल अशानं साधारण निम्म्यावर येते. साठवणीसाठी हे उत्तमच, पण मावशीच्या नेटवर्कला तेही जड होतं.

तिथून पुढे जायचं तर काहीतरी टाकून द्यावं लागतं. जर्मनीतल्या एर्लांगेन शहरात, फ्राउनहोफर संस्थेत, कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी नेमकं काय टाकावं याच्याच मागे होते. एमपीथ्री आकाराला आलं त्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर कल्पना हीच वाटते. हार्मोनियमचा पंचम जोरात लागला की त्याच्या आसपासच्या कंपनसंख्येच्या पट्टीतला तंबोऱ्याचा बारीक झंकार त्याखाली झाकला जातो. तो हवेत असतो, पण कानाला कळत नाही. एमपीथ्री आवाजाची वेगवेगळ्या पट्ट्यांत फोड करतं आणि जिथं असं झाकण मिळतं तिथले आकडे ढोबळ लिहितं, हिशेबात पैसे सोडून रुपये धरावेत तसे. ढोबळपणामुळे जी खरखर निर्माण होते, ती त्या झाकणाखालीच लपवली जाते.

घाईत मी मावशीसाठी ३२ किलोबिटची, म्हणजे सेकंदाला ३२,००० बिट वापरणारी, एमपीथ्री केली. बावीस एमबीही झाली नाही, लगेच उघडली. ऐकून ती म्हणाली, "टेप खराब झालीय रे." टेप चांगली होती. बिघडवलं होतं मी.

काय बिघडलं ते ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइली एकाखाली एक ठेवून पाहिलं. कॅसेटच्या सुरुवातीला तबलजी तबला मिळवताहेत, पाऊस अजून सुरू झालेला नाही. एक ‘ता’ पकडला आणि तो सबंध पडदाभर मोठा केला. वेव्हमध्ये थाप पडेपर्यंत रेघ जवळजवळ सपाट आहे आणि मग एकदम कड्यासारखी उभी. एमपीथ्रीत मात्र थाप पडायच्या आधीच रेघ थरथरायला लागलेली. एमपीथ्री आवाज तुकड्यातुकड्यानं हाताळतं. सेकंदाला ४४,१०० मोजण्या असतील तर ५७६ मोजण्यांचा एक तुकडा, म्हणजे सुमारे १३ मिलिसेकंद. थाप तुकड्याच्या मध्येच आली, तर ढोबळपणाची खरखर तिच्या आधीच्या शांततेतही पसरते. मोठ्या आवाजानंतर कान शंभरेक मिलिसेकंद मंद राहतो, पण आवाजाच्या आधीचं झाकण काही मिलिसेकंदांचंच असतं. त्यामुळे ‘ता’ची धार जाते, थाप ओल्या कापडावर पडल्यासारखी वाटते. यावर उपाय म्हणून एमपीथ्री अशा ठिकाणी तुकडे आणखी लहान करतं, पण हाताशी बिटच कमी असले की तेही पुरत नाही.

आणि मग द्रुत सुरू असताना पाऊस येतो. वाड्याच्या पडवीवर पत्रा होता. पत्र्यावरच्या पावसात जवळजवळ सगळ्या पट्ट्या एकदम असतात आणि त्यात कसलाच नमुना नसतो. फ्लॅकचा अंदाज इथं सतत चुकतो, फाइल फुगते. ३२ किलोबिटच्या एमपीथ्रीत वरच्या पट्ट्यांमध्ये खळगे पडतात, ते क्षणाक्षणाला उघडमीट करतात, आणि पावसाचं रूपांतर डब्यातल्या खुळखुळाटात होतं. टाळ्यांचंही असंच होतं. फाइल बारीक करताना परीक्षा घ्यायची तर गाण्याच्या आलापीवर घेऊ नये. टाळ्या, पाऊस आणि तबल्याची पहिली थाप, या तीन जागा ऐकाव्यात.

दुसऱ्यांदा मी ओपस वापरलं. २०१२ साली प्रमाणित झालेलं हे तंत्र खुलं आणि मोफत आहे. संगीतासाठीच्या त्याच्या भागात प्रत्येक पट्टीत एकूण ऊर्जा किती आहे हे आधी नोंदवलं जातं. बारकावे गेले तरी ती ऊर्जा राखली जाते. त्यामुळे पावसात खळगे पडत नाहीत. एका चॅनेलला ६४ किलोबिट दिले, नव्वद मिनिटांचे ४३ एमबी झाले. काही जुन्या फोनवर ओपस वाजत नाही, म्हणून सोबत १२८ किलोबिटची एमपीथ्रीही ठेवली. वेबपानावर दोन्ही दिल्या की ब्राउझर आपल्याला झेपेल ती उचलतो. रूपांतर करण्याआधी आवाजाची सर्वांत उंच टोकं एक डेसिबल खाली आणली होती. ढोबळ झालेले आकडे पुन्हा जुळवताना टोकं किंचित वर जाऊ शकतात आणि मग मर्यादेवर आदळून फाटतात.

मावशीचा फोन रात्री आला. गाण्याबद्दल ती नंतर बोलली. आधी म्हणाली, "पत्र्यावरचा पाऊस आहे बघ तो. तुझी आजी बादली लावायला उठली होती."

पुण्यातूनच गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांच्या पुढाकारानं जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि त्यातल्या अनेक आज पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात. जिनं ओवी गायली तिच्या नातीला ती गावातल्या फोनवर, जात्याच्या घरघरीसकट, ऐकता यायला हवी असेल तर कुणालातरी हे किलोबिट कानानं निवडावे लागतात.

मूळ वेव्ह मी फ्लॅक करून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे. उद्या ओपसहून चांगलं काही आलं तर नवी प्रत त्या फ्लॅकवरूनच करायची, एमपीथ्रीवरून नाही. एकदा ढोबळ केलेले आकडे पुन्हा ढोबळ केले की खरखर थरावर थर चढत जाते. फाइलच्या नावात बैठकीची तारीख घालायची होती. कॅसेटच्या चिठ्ठीवर शाई पुसट झालीय, मावशीला विचारून घालणार आहे.