जुन्या मॅन्युअल लेन्स (डिजिटल कॅमेऱ्यावरील वापर)

फिल्मच्या जमान्यातल्या, हाताने फोकस करायच्या लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर वापरण्याची पद्धत. मिररलेस कॅमेरे आल्यावर ती हौशी मंडळींत खऱ्या अर्थाने रुळली, आणि याचे कारण हौसेइतकेच मिलिमीटरांच्या हिशेबात आहे.

लेन्स जिथे बसते ते माउंट आणि सेन्सर यांतले अंतर प्रत्येक कॅमेरा-प्रणालीत ठरलेले असते. आट्यांच्या एम४२ माउंटसाठी ते ४५.४६ मिमी, तर निकॉनच्या एफ माउंटसाठी ४६.५ मिमी. म्हणजे एम४२ लेन्स निकॉन डीएसएलआरवर (लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) गरजेपेक्षा पुढेच राहते आणि लांबचा डोंगर काही केल्या फोकसमध्ये येत नाही. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे हे अंतर सोनी ई माउंटवर १८ आणि निकॉन झेडवर १६ मिमी उरले. मधली जागा भरायला साधी पोकळ नळी पुरते, तिच्यात काच लागत नाही.

या छंदातली लाडकी लेन्स म्हणजे सोव्हिएत हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२). झेनिट कॅमेऱ्यांसोबत ती ढिगाने बाहेर पडली. रचना जर्मन कार्ल झाइस येनाच्या बायोटारवरून उचललेली, चार गटांत सहा भिंगे. अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र, पूर्ण (एफ/२ पर्यंत) उघडून माणूस जवळ उभा करावा आणि मागे लांबवर झाडाची पालवी असावी. चेहरा जागेवर राहतो, पाने मात्र त्याच्याभोवती भोवऱ्यासारखी गरगरताना दिसतात. कडेने येणारा तिरपा प्रकाश लेन्सच्या नळीतच थोडा अडतो, म्हणून कडेचे प्रकाशठिपके मांजराच्या डोळ्यासारखे निमुळते होऊन मध्याभोवती फेर धरतात. शास्त्राच्या हिशेबाने हा दोष, पण लोक लेन्स घेतात ती त्याच्यासाठीच. छिद्र एफ/५.६ इतके लहान केले की भोवरा जवळजवळ विरतो. फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असलेला एपीएस-सी सेन्सर चित्राच्या कडाच छाटतो, त्यामुळे तिथेही तो फिका पडतो.

कॅमेऱ्याला ही लेन्स दिसतच नाही. मेनूत 'लेन्सशिवाय शटर' चालू करावे लागते, हात हलल्याची भरपाई करणाऱ्या, बॉडीतल्या स्थिरीकरणाला ५८ हा लेन्सच्या मिमीचा आकडा हाताने सांगावा लागतो, आणि फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चरची नोंद होत नाही. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचे, शटरचा वेग कॅमेऱ्याने) मात्र बिनतक्रार चालते. ४४-२ वर अ‍ॅपर्चरची दोन कडी असतात: एक टकटक करत मर्यादा ठरवते, दुसरे त्या मर्यादेपर्यंत निःशब्द फिरते. व्हिडिओ करणाऱ्यांना हे दुसरे फार सोयीचे. फोकससाठी पीकिंगची, म्हणजे फोकसमध्ये आलेल्या कडांवर पडद्यावर उमटणारी, रंगीत रेघ मदतीला असते, पण एफ/२ ला ती थोडी थापाडीच. चित्र मोठे करून पापणी पाहावी हे बरे.

विकत घेताना लेन्समागे टॉर्च धरावा. धुळीच्या चार कणांनी फोटोचे काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटात कोंडलेल्या लेन्सला ती हमखास धरते, आणि भिंगावरच्या लेपापर्यंत (कोटिंग) पोचली की पुसूनही डाग राहतो.