फोटोत न आलेला प्राणी

२०२३ साली इंडोनेशियाच्या पापुआ प्रांतातल्या सायक्लॉप्स डोंगरांत एक मोहीम गेली होती. शोध होता एका एकिडनाचा. अंगावर साळिंदरासारखे काटे, लांब चोच, आणि सस्तन असूनही अंडी घालणारा हा प्राणी. या जातीचा एकमेव नमुना १९६१ साली शास्त्रज्ञांच्या हाती लागला होता, त्यानंतर तो कुणा शास्त्रज्ञाला दिसला नव्हता. ऐंशीहून जास्त कॅमेरे जंगलात लावले गेले. चार आठवडे काहीच मिळालं नाही. मोहिमेच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या मेमरी कार्डातल्या अगदी शेवटच्या फोटोंमध्ये तो सापडला, पालापाचोळ्यातून डुलत जाणारा.

तो एक कॅमेरा बिघडला असता तर अहवालात ‘आढळला नाही’ असं लिहिलं गेलं असतं आणि एकिडना डोंगरात तसाच हिंडत राहिला असता. ‘दिसला नाही’ आणि ‘नाहीच’ यांत किती अंतर आहे ते मोजणं, हे कॅमेरा ट्रॅपच्या शास्त्रातलं सर्वांत अवघड काम आहे. मला तेच सर्वांत सुंदरही वाटतं.

कॅमेरा ट्रॅप म्हणजे झाडाच्या बुंध्याला, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, पट्ट्याने आवळलेली एक पेटी. आतल्या सेन्सरला प्राणी ओळखता येत नाही. समोरून येणारी उष्णता, म्हणजे अवरक्त किरणं, तो सतत जोखत असतो. आसपासच्यापेक्षा वेगळ्या तापमानाचं काही समोरून सरकलं की त्याला फरक जाणवतो आणि फोटो निघतो. गारव्याच्या पहाटे हे उत्तम चालतं. पण उष्णकटिबंधीय जंगलात भर दुपारी झाडं, माती आणि प्राण्याच्या अंगाचा पृष्ठभाग यांचं तापमान जवळपास सारखं झालं, तर टेपिरसारखं धूडही समोरून जाईल आणि सेन्सरला पत्ता लागणार नाही. उलट पानांतून झिरपणारे उन्हाचे कवडसे वाऱ्याने हलू लागले की रिकाम्या वाटेचे शेकडो फोटो निघतात. शिवाय भिंगावर धरणारं बाष्प, पेटीत घर करणाऱ्या मुंग्या, आणि ही कसली वस्तू म्हणून तिला ओढून काढणारे हत्ती आहेतच. थोडक्यात, कॅमेरा काही अंशी आंधळा असणार हे धरूनच चालावं लागतं. प्रश्न एवढाच, की किती अंशी?

फोटो मिळवणं ही तशी जुनी गोष्ट. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर फ्रँक चॅपमन यांनी १९२० च्या दशकात वाटेवर आडवी तार बांधून, तिला पाय लागला की फ्लॅश उडेल अशी सोय करून रानातल्या प्राण्यांचे फोटो मिळवले होते. त्याच दशकात भारतात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे वनाधिकारी अशाच तऱ्हेने वाघांचे फोटो घेत होते. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. फोटोंवरून एकेक वाघ वेगळा ओळखता येतो ही गोष्ट पुढच्या सगळ्या गणिताचा पाया ठरली.

हे गणित मुळात माशांसाठी वापरात होतं. समजा, पहिल्या फेरीत २० वाघांचे फोटो मिळाले. दुसऱ्या फेरीतही २० मिळाले, पण त्यांतले १० पहिल्याच फेरीतले, ओळखीचे. म्हणजे दुसऱ्या फेरीत जे समोर आले त्यांतले निम्मे आधी टिपलेले होते. मग पहिल्या फेरीतले २० हेही जंगलातल्या एकूण वाघांच्या सुमारे निम्मे असणार, आणि एकूण वाघ ४० च्या आसपास. कर्नाटकातल्या नागरहोळेत उल्हास कारंथ यांनी ही रीत वाघांना लावली आणि १९९५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोवर वाघांची मोजदाद पंजाच्या ठशांवर चालत असे, आणि ठसा ओळखण्यात फार चुका होत. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कॅमेरा लावतात. भारतात २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ जागी कॅमेरे लागले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो निघाले. त्यांतले वाघांचे होते ७६,६५१. त्यांतून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखू आले, आणि देशातल्या वाघांचा अंदाज निघाला २,९६७. मधल्या पाचशे वाघांचा एकही फोटो नाही. तरीही ते मोजले गेले.

भेकराचं किंवा रानडुकराचं काय? एक भेकर दुसऱ्यासारखंच दिसतं. २००८ साली काही संशोधकांनी यासाठी थेट वायूच्या रेणूंचं गणित उसनं घेतलं. बंद भांड्यात रेणू एकमेकांवर किती वेळा आदळतात हे त्यांच्या दाटीवर आणि वेगावर ठरतं. प्राणी म्हणजे रेणू आणि कॅमेऱ्यासमोरचा पंख्याच्या आकाराचा तुकडा म्हणजे आदळण्याची जागा, असं मानलं तर फोटोंच्या संख्येवरून दाटी काढता येते. त्यासाठी प्राणी दिवसाकाठी किती चालतो आणि कॅमेऱ्याला किती दूरवरचं दिसतं, हे मात्र ठाऊक हवं. अट आणखी एक: कॅमेरे चांगल्या पायवाटा हेरून लावायचे नाहीत. मोठी मांजरं मळलेल्या वाटेने चालतात, लहान हरणं तीच वाट टाळतात. वाटेवरच्या कॅमेऱ्यांवर विसंबलं तर जंगलात शिकारीच फार आहेत असं वाटेल.

आता पुन्हा ‘दिसला नाही’ आणि ‘नाहीच’ यांतल्या अंतराकडे. एखाद्या ठिकाणी प्राणी नक्की आहे, पण कुठल्याही एका रात्री तो कॅमेऱ्यात येण्याची शक्यता फक्त ५ टक्के आहे असं समजू. ३० रात्री कॅमेरा ठेवला तरी तो एकदाही न येण्याची शक्यता २१ टक्के उरते. ६० रात्रींनी ती ५ टक्क्यांखाली येते, ९० रात्रींनी १ टक्क्यावर. महिनाभर कॅमेरा लावून ‘इथे हा प्राणी नाही’ असं जाहीर करणाऱ्यावर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही. २००२ पासून रूढ झालेल्या एका पद्धतीत, जिथे प्राणी काही रात्री दिसला आणि काही रात्री नाही अशा जागांवरून ही टक्केवारीच काढतात, आणि मग जिथे तो मुळीच दिसला नाही तिथे तो असण्याची शक्यता किती, तेही सांगता येतं.

फोटो निवडण्याचं काम आता बरंचसं संगणक करतो, आणि रिकाम्या फोटोंचा ढीग उपसण्यासाठी तो खरंच उपयोगी आहे. पण एका जंगलात शिकलेला संगणक दुसऱ्या जंगलात चुकतो, कारण प्राण्याबरोबर मागची झाडंही त्याने पाठ केलेली असतात.

कॅमेऱ्यासमोरून माणसंही जातात. उत्तराखंडातल्या कॉर्बेट परिसरातला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. सरपण आणायला जाणाऱ्या बायका कॅमेऱ्यांच्या धास्तीने रानात गाणं-बोलणं कमी करू लागल्या, असं त्यात दिसलं. वन्य प्राण्यांना आपली चाहूल लागावी म्हणूनच तर त्या गात होत्या. प्राण्यांसाठी लावलेल्या यंत्राने माणसाचा जीव धोक्यात यावा, हे मला कुठल्याही आकडेवारीपुढे क्षम्य वाटत नाही.

आणि हीच माणसं वाट दाखवतात. पिसोरीचं चुलत भावंड असलेलं एक छोटं, पाठ चंदेरी असणारं हरीण १९९० नंतर व्हिएतनाममध्ये शास्त्रज्ञांना दिसलं नव्हतं. गावकरी आणि वनरक्षक म्हणत, ते आम्ही पाहिलंय. त्यांनी सांगितलेल्या भागात तीन कॅमेरे लावले आणि पाच महिन्यांत २७५ फोटो मिळाले.

व्हिएतनाम आणि लाओसच्या सीमेवरच्या अन्नामाइट डोंगरांतल्या साओलाचं तसं झालेलं नाही. लांब सरळ शिंगांचा हा प्राणी १९९२ साली, शिकाऱ्यांच्या घरांतल्या शिंगांवरून, विज्ञानाला कळला. त्याचा शेवटचा खात्रीचा फोटो सप्टेंबर २०१३ चा. त्याच्या दोन अभयारण्यांतून काही वर्षांत लाखाहून अधिक तारांचे फासे काढले गेले. कॅमेरे तेव्हापासून त्याच्याबाबतीत कोरेच आहेत, आणि इथे वरचं गणितही थांबतं, कारण तो कॅमेऱ्यात येण्याची शक्यता काढायला निदान काही फोटो तरी हवेत. म्हणून तिथल्या संशोधकांनी जळवांकडेही मोर्चा वळवला. जळवेच्या पोटातल्या रक्तात यजमान प्राण्याचा डीएनए टिकून राहतो. २०१२ च्या एका अभ्यासात अवघ्या २५ जळवांमधून याच डोंगरांतल्या दुर्मीळ भेकराचा आणि पट्टेरी सशाचा माग लागला होता. कॅमेऱ्यासमोर न आलेला साओला एखाद्या जळवेला तरी भेटला असेल, या आशेवर त्या ओल्या पानांवरून वेचल्या जातात.